लॅपटॉप बोलतोय की विक्रेता?

*नमस्कार. रत्नागिरीजवळ आमचा आंब्याचा छोटा व्यवसाय आहे. पेट्यांचा हिशेब इतकी वर्षं मी वहीत ठेवत होते. यंदा मुलाने हट्ट धरला म्हणून मार्चमध्ये नवा लॅपटॉप घेतला. दुकानदाराने सगळं चालू करून दिलं, पण तेव्हापासून डोक्याला ताप झालाय. उजव्या कोपऱ्यात ‘तुमच्या संरक्षणाचे १२ दिवस उरले’ असं येतं. एक्सेल उघडलं की वरच्या पट्टीत ‘वर्गणी भरा’. सुरू करताना कधीकधी अख्खा पडदा निळा होतो आणि ‘सेटिंग पूर्ण करू या’ म्हणतो, त्यात ‘नको’ असं बटणच नाही. ढगाचं चित्र म्हणतं, जागा संपली. गेल्या आठवड्यापासून तर लाल खिडकी येते, ‘पाच व्हायरस सापडले, ताबडतोब नूतनीकरण करा’. दुकानदार म्हणतो, दोन्ही मिळून वर्षाला सात हजार भरा, कटकट मिटेल. यजमान म्हणतात, मशीनच सांगतंय तर भरून टाकू, ऐन हंगामात हिशेब गेले तर काय करायचं? मुदत संपल्यावर माझ्या फायली खरंच जातील का?*

*— एक वाचक, रत्नागिरी*

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, म्हणजे बाकीचं निवांत वाचाल. नाही, फायली जाणार नाहीत. एक्सेलची ट्रायल संपली की ते फाइल उघडून दाखवतं, छापूनही देतं, फक्त नवे आकडे लिहू देत नाही. फाइल तुमच्या डिस्कवर होती तिथेच राहते आणि दुसऱ्या एखाद्या फुकट सॉफ्टवेअरमध्येही उघडते. संरक्षणाचे बारा दिवस संपले तर त्या सॉफ्टवेअरचं काम थांबेल. तुमच्या हिशेबाला ते हात लावत नाही. तेव्हा सात हजार आत्ता खिशातच राहू द्या.

आता तुमच्या यजमानांचं वाक्य. ‘मशीनच सांगतंय’ असं त्यांना वाटलं यात त्यांची चूक नाही, कारण तसं वाटावं अशीच त्या खिडक्यांची रचना असते. पण तुम्ही लिहिलेले पाच निरोप एकाच जणाचे नाहीत. एक अँटीव्हायरस विकणाऱ्या कंपनीचा, एक ऑफिस (एक्सेल ज्यात येतं तो सॉफ्टवेअरांचा संच) विकणाऱ्याचा, दोन विंडोजमधल्याच जाहिरात खात्याचे आणि एक सरळ चोराचा. मशीन बिचारं यातलं काहीच बोललेलं नाही.

हे लोक लॅपटॉपमध्ये शिरले कसे? लॅपटॉप बनवणाऱ्याला एका नगामागे फार थोडा नफा सुटतो. म्हणून अँटीव्हायरस वगैरे विकणाऱ्या कंपन्या त्याला पैसे देतात आणि आपलं सॉफ्टवेअर कारखान्यातच भरून घेतात. ट्रायल संपल्यावर शंभरातल्या काहींनी जरी वर्गणी भरली तरी त्यांचं भागतं. तुम्ही गिऱ्हाइकाला आंब्याची फोड चाखायला देता, तो नको म्हणाला की विषय संपतो. इथे फोड परस्पर तोंडात घातली जाते आणि मग रोज सकाळी दारात येऊन विचारलं जातं, कशी लागली?

हे दुखणं जुनं आहे. २००८ साली सोनीने अमेरिकेत आपल्या काही व्हायो लॅपटॉपांवर असा पर्याय ठेवला होता की, ही नको असलेली सॉफ्टवेअरं काढलेला लॅपटॉप हवा असेल तर ४९.९९ डॉलर जादा द्या. म्हणजे आम्ही टाकलेला कचरा आम्हीच उचलणार, त्याची मजुरी तुम्ही द्यायची. लोक इतके भडकले की सोनीने तो आकार लगेच मागे घेतला. २०१५ मध्ये लेनोवोचं प्रकरण याहून वाईट निघालं. त्यांच्या काही लॅपटॉपांत ‘सुपरफिश’ नावाचं जाहिरातींचं सॉफ्टवेअर आधीच भरलेलं होतं. ते बँकेच्या पानांसारखी सुरक्षित पानंसुद्धा मध्येच उघडून बघू शकायचं, आणि त्यामुळे भलत्याच माणसालाही तिथे शिरायची वाट मिळत होती. अमेरिकी व्यापार आयोगाशी २०१७ मध्ये त्यांना तडजोड करावी लागली. तुमच्या लॅपटॉपात तसलं काही असेल म्हणून हे सांगत नाही. आधीपासून आत आहे म्हणजे ते आपल्या भल्याचं आहे, हा समज डोक्यातून जावा म्हणून सांगतोय.

ऑफिसचा प्रश्न आधी घेतो, कारण तिथे तुमचे पैसे दोनदा जाण्याची शक्यता आहे.

खोकं टाकलं नसेल तर त्यावरचं स्टिकर बघा, आणि बिल बघा. ‘ऑफिस होम अँड स्टुडंट २०२१’ किंवा ‘ऑफिस होम २०२४’ असे शब्द कुठे दिसतात का? आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बऱ्याच लॅपटॉपांबरोबर ते येतं. त्याची किंमत लॅपटॉपच्या किमतीत धरलेली असते आणि त्याला वार्षिक वर्गणी नसते, ते मशीन चालेल तोवर ते चालतं. गंमत अशी की त्याच लॅपटॉपमध्ये ‘मायक्रोसॉफ्ट ३६५’ या वर्गणीवाल्या प्रकाराची ट्रायलही ठेवलेली असते, आणि पडद्यावर गाजावाजा तिचाच होतो. घरात भरलेला माठ असताना दारावर बाटलीबंद पाणी घेणारी कितीतरी माणसं मी पाहिली आहेत.

तपासायचं असं: एक्सेल उघडा, डाव्या कोपऱ्यातल्या ‘फाइल’वर जा, तळाशी ‘अकाउंट’ दिसेल. तिथे उत्पादनाचं नाव लिहिलेलं असतं. ‘ऑफिस होम’ हे शब्द असलेलं नाव आणि ‘अ‍ॅक्टिव्हेटेड’ असा शब्द असेल तर काम झालेलं आहे, पट्टीकडे बघूही नका. ‘मायक्रोसॉफ्ट ३६५’ असेल आणि बिलावर मात्र ‘ऑफिस होम’ असेल, तर तुमचं विकत घेतलेलं ऑफिस अजून सुरूच केलेलं नाही. ते सुरू करायला लॅपटॉप पहिल्यांदा चालू केल्यापासून ठरावीक मुदत असते. म्हणून हे काम हंगामावर ढकलू नका.

त्याच पानावर आणखी एक गोष्ट बघायची आहे. ‘युजर इन्फर्मेशन’ खाली कोणाचा ईमेल आहे?

दुकानदाराने ‘सगळं चालू करून दिलं’ हे तुमचं वाक्य वाचून मला खरी धास्ती इथे वाटली. गिऱ्हाइकाला घाई असते, ईमेल आठवत नसतो, मग दुकानातला मुलगा स्वतःच्या किंवा दुकानाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यावरच लॅपटॉप सुरू करून देतो. त्यात कपट नसतं, पण परिणाम दोन होतात. ऑफिसचा परवाना ज्या खात्यावर नोंदला गेला त्या खात्याचा होतो. शिवाय नव्या विंडोज ११ मध्ये अशा खात्याने लॉगइन केलं की बहुतेक लॅपटॉपांत अख्ख्या डिस्कला आपोआप कुलूप लागतं आणि त्याची ४८ आकडी किल्ली त्याच खात्यात जाऊन बसते. एरवी त्याचा पत्ताही लागत नाही. पण कधी दुरुस्तीनंतर किंवा एखाद्या मोठ्या अपडेटनंतर निळ्या पडद्यावर किल्ली मागितली गेली, आणि ती दुकानातल्या नोकरी सोडून गेलेल्या मुलाच्या खात्यात असली, तर आंब्याचे हिशेब खरोखर गेले. तुमच्या फायलींना धोका असलाच तर तो इथे आहे, आणि याबद्दल मात्र एकही खिडकी वर येत नाही.

तेव्हा दुकानदाराला फोन करून एवढंच विचारा: ‘कोणाचं खातं टाकलंय?’ तुमच्यासाठी नवं खातं काढलं असेल तर त्याच्याकडून पासवर्ड घ्या, लगेच बदला, आणि खात्यावरचा मोबाइल नंबर तुमचा करा. दुकानाचंच खातं असेल तर लॅपटॉप घेऊन जा आणि समोर बसून तुमच्या खात्यावर करून घ्या. त्यात ऑफिसचा परवाना त्याच्या खात्याला चिकटला असेल तर तो सोडवणं किचकट आहे, मायक्रोसॉफ्टच्या मदत केंद्राशी बोलावं लागतं, पण ते दुकानदाराने करायचं. तुम्ही बिल हातात धरून बसा. तुमच्या खात्यात शिरल्यावर ती किल्ली तिथे दिसते का ते बघा आणि पेट्यांच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. वही अजून कामाची आहे.

बिलावर ऑफिसचं नावच नसेल तर? तर तुमच्या हिशेबापुरतं ते विकत घ्यायची गरज मला दिसत नाही. लिब्रेऑफिस फुकट आहे, २०१० पासून जगभर वापरात आहे, एक्सेलच्या फायली उघडतं आणि त्याच प्रकारात साठवतंही. नाहीतर ब्राउझरमधलं एक्सेल खातं असलं की फुकट वापरता येतं, गुगल शीट्स आहेच. ‘किती पेट्या, कोणाला, किती बाकी’ याला ही तिन्ही पुरून उरतील. वर्गणीचं ऑफिस कधी घ्यावं? घरात चार-पाच जण ते रोज वापरणार असतील आणि त्याच्याबरोबर येणारी साठवणीची मोठी जागा खरंच लागत असेल तेव्हा. दुकानदार म्हणतो म्हणून नाही.

आता ‘संरक्षणाचे १२ दिवस’. नव्या लॅपटॉपांत मॅकअफी किंवा नॉर्टन यांपैकी एकाची ट्रायल सर्रास असते. यांना फसवणूक म्हणता येणार नाही, चालू सॉफ्टवेअरं आहेत. पण विंडोजमध्ये ‘डिफेंडर’ नावाचं अँटीव्हायरस आधीपासून असतं, वेगळे पैसे न देता, आणि ते स्वतःच्या स्वतः अद्ययावत होत राहतं. बाहेरचं अँटीव्हायरस आलं की ते अदबीने बाजूला होतं, बाहेरचं काढलं की पुन्हा जागेवर येतं. म्हणून ट्रायल संपायची वाट न बघता काढून टाका: सेटिंग्ज, तिथे ‘अ‍ॅप्स’, मग ‘इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स’, नावापुढचे तीन ठिपके, ‘अनइन्स्टॉल’. काढताना ते रडेल. ‘तुम्ही असुरक्षित व्हाल, खात्री आहे का?’ असं दोन-तीनदा विचारेल, कदाचित सवलतही देऊ करेल. आहे म्हणा. लॅपटॉप बंद करून सुरू करा आणि ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून हिरव्या खुणा दिसतात का ते बघा. निघतच नसेल तर त्या कंपनीच्या स्वतःच्या साइटवर ते मुळासकट काढायचं छोटं साधन असतं, तेच वापरा. ‘पीसी क्लीनर’ नावाची भलतीसलती साधनं उतरवू नका, नाहीतर एक पाहुणा घालवायला दोन बोलावल्यासारखं होईल.

आमच्या मामांनी एकाच लॅपटॉपवर दोन अँटीव्हायरसांची वर्गणी तीन वर्षं भरली. एक आधीचं होतं, दुसरं दुकानदाराने घातलेलं. दोघं एकमेकांवर संशय घेत बसायचे आणि लॅपटॉप उघडायला दहा मिनिटं लागायची. मामा तोवर चहा करून घ्यायचे आणि ‘मशीन भक्कम आहे, नीट तपासूनच सुरू होतं’ असं सांगायचे.

पैसे देऊन अँटीव्हायरस घेणं हा मूर्खपणा आहे असंही नाही. पुण्यात संगणक दुरुस्तीच्या दुकानातून क्विक हीलसारखी कंपनी उभी राहिली ती नव्वदच्या दशकात, तेव्हा फ्लॉपीवरून व्हायरस पसरत होते आणि विंडोजमध्ये बचावाचं काहीही नव्हतं. त्या काळी ते औषध हवंच होतं. दुकानदाराच्या मनात तोच काळ अजून चालू आहे. शिवाय त्याला त्यात चार पैसे सुटतात, हेही आहेच.

लाल खिडकी मात्र वेगळी. हीच ती चोराची. अँटीव्हायरस विकणारा ‘दिवस उरले’ म्हणून भीती घालतो, हा ‘पाच व्हायरस सापडले’ म्हणून. भाषा इतकी सारखी की ओळखू येऊ नये, आणि याचं पाप थोडं त्या विकणाऱ्यांच्याही माथी आहे. महिनाभर खऱ्या कंपनीने घाबरवून ठेवलेल्या माणसाला खोट्याने गाठणं सोपं जातं.

ती नीट बघा. खिडकीत बारीक अक्षरात ब्राउझरचं नाव आणि एखाद्या विचित्र साइटचं नाव दिसेल. ती लॅपटॉपच्या आतून येत नाही. मध्यंतरी कुठल्यातरी पानावर ‘तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करायला अलाउ दाबा’ असं आलं असेल आणि घरात कोणीतरी ते दाबलं असेल. त्या एका दाबण्याने त्या साइटला तुमच्या पडद्यावर केव्हाही चिठ्ठी डकवायची परवानगी मिळाली. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये साइटच्या परवानग्यांची यादी असते, त्यात ‘नोटिफिकेशन्स’ शोधा. परवानगी दिलेल्या साइटची नावं तिथे सापडतील. ओळखीची नसतील ती सगळी काढा. खिडकीतलं ‘नूतनीकरण’ कधीही दाबू नका. तिथे फोन नंबर असेल तर त्यावर फोन करू नका. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो, ही एकच खूण यजमानांना पाठ करून ठेवायला सांगा. तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, पण घरात कोणी तिथे कार्डाचा नंबर किंवा ओटीपी भरला असेल तर हे वाचणं थांबवा, बँकेला फोन करून कार्ड बंद करा आणि १९३० या सायबर गुन्ह्यांच्या क्रमांकावर तक्रार नोंदवा. तिथे वेळ फार महत्त्वाचा असतो.

निळ्या पडद्याचं दुखणं किरकोळ आहे. तो विंडोजचाच आहे, आणि ‘सेटिंग पूर्ण करू या’ म्हणून जे पूर्ण करायला सांगतो त्यातलं बहुतेक म्हणजे त्यांच्याच सेवा घ्या, त्यांचाच ब्राउझर वापरा. ‘नंतर’ किंवा ‘३ दिवसांनी आठवण करा’ दाबलं तरी काही बिघडत नाही. कायमचा घालवायचा तर सेटिंग्जमध्ये ‘सिस्टिम’, ‘नोटिफिकेशन्स’, तिथे अगदी तळाशी ‘अ‍ॅडिशनल सेटिंग्ज’ असतात. त्यातल्या तिन्ही खुणा काढून टाका. त्या इतक्या तळाशी का ठेवल्या असतील हे तुम्ही समजून घ्या. याच्या नावाखाली खऱ्या विंडोज अपडेट मात्र बंद करू नका. त्या फुकट असतात आणि हव्या असतात.

ढग म्हणजे वनड्राइव्ह, मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवरची साठवणीची जागा. त्यात फुकटची जागा ५ जीबी. लॅपटॉप सुरू करतानाच तो तुमचा डेस्कटॉप, कागदपत्रं आणि फोटो आपल्याकडे उचलायला लागतो, बागेचे आणि लग्नाचे फोटो टाकले की पाच जीबी भरते, आणि मग ‘जागा विकत घ्या’ सुरू. इथे एक चूक करू नका, जी फार जण करतात. जागा मोकळी करायला ढगातल्या फायली पुसल्या की त्या लॅपटॉपमधूनही जातात, कारण ती वेगळी प्रत नसते, तीच फाइल असते. आधी ढगाच्या चित्रावर जाऊन सेटिंग्जमधलं ‘बॅकअप’ बंद करा. बंद केल्यावर डेस्कटॉप रिकामा दिसला तर दचकू नका, फायली वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये असतात, तिथून उचलून परत आणा. हे काम मुलाला शेजारी बसवून करा. आणि पेट्यांच्या हिशेबाची एक प्रत आठवड्याला एकदा पेनड्राइव्हवर घेत जा, ती ढग असो वा नसो.

लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीचं स्वतःचं एक सॉफ्टवेअर असतं, बॅटरी आणि दुरुस्तीसाठीचं, ते रागाच्या भरात काढू नका. लॅपटॉप दिवसभर वायरला जोडलेला असतो ना? मग त्यात चार्जिंग ८० टक्क्यांच्या आसपास थांबवायची सोय असेल तर ती चालू करा, बॅटरी जास्त टिकेल. गेम आणि खरेदीची आयकॉनं खुशाल उडवा. ज्याच्या नावात ‘ड्रायव्हर’, ‘ऑडिओ’ किंवा ‘ग्राफिक्स’ आहे त्याला हात लावू नका.

पुढे कधी फुकट ट्रायल घ्यावीशी वाटली आणि तिने कार्ड मागितलं, तर ती फुकट नाही असं समजून चला. महिना संपला की पैसे आपोआप जायला लागतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ऑक्टोबर २०२१ पासून अशा प्रत्येक वजावटीच्या किमान २४ तास आधी बँकेचा संदेश यावा लागतो, पण १५ हजार रुपयांपर्यंतच्या वजावटीला दर वेळी ओटीपी लागत नाही. म्हणजे तो संदेश वाचला नाही तर पैसे गेले. बँकेच्या अ‍ॅपमध्ये अशा चालू परवानग्यांची यादी असते, तिथूनच त्या रद्द होतात.

‘नको’ हे बटणच न ठेवणं, पुन्हापुन्हा तेच विचारून जेरीस आणणं, वर्गणीतून बाहेर पडायची वाट लपवणं यांना आता आपल्या कायद्यात नाव आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा १३ फसव्या रचनांची यादी अधिसूचित केली, तिच्यात खोट्या व्हायरसची भीती घालून पैसे उकळणंही आहे. दुकानदाराने बिलातलं ऑफिस न देता वर्गणी गळ्यात मारली असं निघालं, तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. खिडक्या मात्र कायद्याच्या धाकाने थांबतील याची वाट बघू नका, खुणा काढूनच थांबतील.

आज संध्याकाळी दोनच कामं करा: ती लाल खिडकी घालवा आणि दुकानदाराला खात्याबद्दल फोन करा. ऑफिस आणि अँटीव्हायरसचं फार लांबवू नका, बाकीचं शेवटची पेटी गेल्यावर केलंत तरी चालेल.